मापवहीत नसलेले पान

काळे कापड शुक्रवारीच पाण्यातून काढले होते. शनिवारी दिवसभर ते सावलीत वाळले, संध्याकाळी मास्तरांनी कुणाला हात लावू न देता त्यावर इस्त्री फिरवली, आणि आज रविवारी सकाळी ते दुकानातल्या लांबलचक टेबलावर पसरलेले होते. खडूच्या रेघा आणि कात्री, एवढेच काय ते बाकी होते. पाण्यातून काढलेले कापड दुकानदार परत घेत नाही आणि बेतलेले कापड देवही परत घेत नाही, असे मास्तर नेहमी म्हणत.

थोरली कोपऱ्यातल्या आपल्या स्टुलावर काजे करत बसली होती. रविवारी, तेही दुकान बंद असताना, काजे करायचे काही कारण नव्हते. पण हाताला काम असले की तोंडाला बोलावे लागत नाही, हे मास्तरांची सून म्हणून ती या घरात बावीस वर्षांत शिकली होती. धाकट्या दिराने लग्नच केले नाही, त्यामुळे घरात धाकटी सून कधी आलीच नाही. तरी हिचे नाव मात्र पहिल्या दिवशी थोरली पडले ते पडलेच. आज तिला काजही धड जमत नव्हते. दोन उसवली होती आणि तिसरे वाकडे आले होते.

कारण सांगायला गेले तर एवढेसे होते. तीन आठवड्यांपूर्वी लेकीचा वसतिगृहातून फोन आला होता. "आई, पहिलं वर्ष संपलं. आता पदवीचा मुख्य विषय निवडायचाय. मी तत्त्वज्ञान घेतेय. आजोबांना मीच सांगू ना?" आणि थोरली, कधी नव्हे ती पुढे होऊन, म्हणाली होती, "तू थांब. माझ्याकडून कळलेलं बरं." पहिल्या आठवड्यात मास्तरांच्या डोळ्यांचे औषध बदलले म्हणून सांगायचे राहिले. दुसऱ्या आठवड्यात गिऱ्हाइकांची झुंबड उडाली म्हणून राहिले. तिसऱ्या आठवड्यात लेकीने विचारले, "सांगितलंस? काय म्हणाले?" तेव्हा थोरलीच्या तोंडून निघून गेले, "सांगितलं गं. काही रागावले नाहीत."

इकडे सगळ्यांनी धरून ठेवले होते की पोर वकील होणार. त्यात कुणाचा दोष नव्हता. पाच वर्षांची असल्यापासून ती प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू करी. काकाने तिचे नावच पणबाई ठेवले होते. आणि इतके 'पण' खपतील अशी घरच्यांना ठाऊक असलेली जागा एकच, कोर्ट. नर्स असलेल्या तिच्या आत्याने, म्हणजे ताईंनी, तर एका वकीलबाईंच्या ऑफिसात सुट्टीपुरते कामही बोलून ठेवले होते.

आणि आज पहिली कात्री होती. ही रीत मास्तरांच्या वडिलांपासूनची. घरातले मूल एखाद्या कामाच्या वाटेला लागले की त्या कामाचा पहिला कपडा घरातच बेतायचा. कात्री घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने चालवायची, बाकीच्यांनी कापडाचे कोपरे धरायचे. धाकट्या दिराचा ड्रायव्हरचा सदरा असाच बेतला गेला, ताईंचा नर्सचा पांढरा झगाही असाच. मास्तरांचा हात आता थरथरत असे, आणि गेल्या वर्षापासून बेतायचे सगळे काम थोरलीच्या नवऱ्याकडे आले होते. पण नातीची पहिली कात्री मीच चालवणार आणि मग कात्री खाली ठेवणार, असे म्हाताऱ्याने जाहीर केले होते. म्हणजे हा त्यांच्या हातचा शेवटचा कपडा. तो त्यांनी चुकीचा बेतायचा आणि आपण समोर बसून काजे करायची, या विचाराने थोरलीचा रात्रभर डोळा लागला नव्हता.

दहाच्या सुमाराला दाराची काच वाजली. धाकटा दीर सकाळची फेरी संपवून आला होता आणि त्याच्याच बसमधून पुतणीही आली होती.

"घ्या मास्तर, आणली तुमची वकीलबाई," तो दारातूनच ओरडला. मास्तरांना पोटची मुलेही मास्तरच म्हणत. "वाटेत तीनदा म्हणाली, काका, पण पिवळा दिवा लागल्यावर थांबायचं की जायचं. परवाना माझा, प्रश्न हिचे."

पोरगी हसत आत आली, पिशवी खाली टाकून सरळ टेबलाला वळसा घालून गेली आणि तिने आजोबांच्या खांद्यावर डोके टेकले. "आजोबा, मला वाटलं होतं तुम्ही माझ्याशी बोलणारच नाही."

"का बरं? मी काय तोंडात खडू धरून बसलोय?"

"विषय ऐकून म्हटलं..."

"विषयाला काय झालंय? घरातला पहिला काळा कोट!" मास्तरांनी तिचा हात धरून कापडावर ठेवला. "बोट फिरवून बघ. मुद्दाम हलकं घेतलंय. कोर्टात उभं राहून बोलायचं, उकडता कामा नये. आणि बाहीला मोकळीक ठेवतोय, हात वर करून बोलायची सवय आहे तुला."

पोरीचे बोट कापडावर टेकले आणि तिथेच राहिले. तिने आजोबांकडे पाहिले, कापडाकडे पाहिले, मग कोपऱ्यातल्या स्टुलाकडे पाहिले. थोरलीने मान खाली घातली. आता, तिला वाटले. आता ती 'पण' म्हणणार, आणि म्हणूच दे.

पोर म्हणाली, "छान आहे, आजोबा." एवढेच म्हणून तिने कापडाचा आपल्या बाजूचा कोपरा दोन्ही हातांनी धरला.

एकोणीस वर्षांत जी पोर दूध गरम का आणि गार का यावरसुद्धा गप्प बसली नाही, ती आज आईचे खोटे उघडे पडू नये म्हणून गप्प बसली होती. नुसती गप्प बसली नव्हती, कोपरा धरून उभी होती. उद्या फॉर्म भरायची शेवटची तारीख होती आणि त्यावर पालकाची सही लागणार होती, हे त्या दोघींनाच माहीत होते.

"चला, धरा," मास्तर म्हणाले. इतका वेळ खिडकीशी बसलेल्या ताईंनी एक कोपरा धरला, धाकट्या दिराने एक, थोरलीच्या नवऱ्याने एक. तो शिलाई मशीनवरून उठून आला होता. बोलण्याच्या बाबतीत तो मशीनइतकाही आवाज करत नसे. मास्तरांनी रेघा तपासल्या. मोठी कात्री उचलली. हात थरथरला, त्यांनी तो टेबलाच्या कडेला टेकवून स्थिर केला आणि पाते पहिल्या रेघेवर आणले.

थोरली स्टुलावरून कधी उठली ते तिचे तिलाच कळले नाही. पात्यापुढे, रेघेवर, तिचा हात पालथा पडलेला होता.

"हात काढ," मास्तर म्हणाले. "बोट जाईल."

"जाऊ दे. मास्तर, थांबा."

या घरात आजवर मास्तरांना कुणी थांबा म्हटले नव्हते. ताईंचा कोपरा हातून सुटला.

"ती वकील होणार नाहीये," थोरली म्हणाली. ती थांबली नाही. थांबली असती तर परत सुरू करता आले नसते. "तिने तत्त्वज्ञान घेतलंय. मला तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलंय. तुम्हाला सांगायचं मी कबूल केलं आणि सांगितलं नाही. आणि तिला मात्र म्हटलं की सांगितलं. तिची काही चूक नाही. खोटं मी बोलले. दोन्हीकडे."

सगळ्यांच्या आधी ताई बोलल्या. "तत्त्वज्ञान?" एखाद्या केसपेपरवर कधी न ऐकलेल्या आजाराचे नाव वाचावे तसा त्यांनी तो शब्द उच्चारला. "आणि मी त्या वकीलबाईंना काय तोंड दाखवू? आधी हे सांग, त्याने होतं काय माणसाचं?"

"माझ्या बसमध्ये येतात एक तत्त्वज्ञानाचे प्रोफेसर," धाकटा दीर म्हणाला. "आठवड्यातून दोनदा चुकीच्या स्टॉपवर उतरतात."

"बघ!"

"पण उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणणारा अख्ख्या बसमध्ये तोच एक माणूस, ताई."

"तू गप्प बस. अगं पोरी, विचार काय, घरबसल्याही करता येतो. मी रात्रपाळीला खुर्चीत बसून कितीतरी करते. त्यासाठी कॉलेजात वर्षं घालवायची?"

"इंजेक्शनही घरबसल्या देता येतं की, आत्या," पोर हळूच म्हणाली. "पण तू शिकायला गेलीस ना?"

"इंजेक्शन चुकलं तर माणूस मरतो."

"विचार चुकला तरी मरतात. जरा उशिराने मरतात, एवढंच."

धाकट्या दिराला हसू आले आणि ते त्याने खोकल्यात दडवले. ताईंनी थोरलीकडे डोळे वटारले. "आणि तू! एक शब्द नाही बोललीस? परवा मी इथे बसून कोटाला अस्तर कोणतं घालायचं ते ठरवत होते, तू माझ्यासमोर चहा ठेवलास, आणि तोंडातून चकार शब्द नाही?"

"भ्यायले मी, ताई," थोरली म्हणाली. याहून खरे काही तिच्याजवळ नव्हते. 

मास्तर अजून कात्री धरून उभे होते. त्यांनी ना सुनेकडे पाहिले ना मुलीकडे. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. मग नातीला विचारले, "हे तुझ्या डोक्यात भरवलं कुणी?"

"तुम्ही."

"मी?"

"तुमच्या टेपने, आजोबा."

थोरलीने नवऱ्याकडे पाहिले. त्याने मान वळवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती. टेपची गोष्ट या घरात कुणी काढत नसे.

नऊ वर्षांपूर्वी एका बँडच्या अकरा वादकांचे कोट शिवायला आले होते. मापे मास्तरांनी घेतली, आपल्या जुन्या कापडी टेपने, जी ते गळ्यातून फक्त झोपताना काढत. कापायचे काम मुलाकडे दिले, कारण दुकानाचा नियमच होता, मापणाऱ्याने कापायचे नाही. माणसाला आपली चूक दिसत नाही. मुलाने नुकतीच नवी टेप आणली होती. त्याने नव्या टेपने कापले. अकराच्या अकरा कोट तंग झाले. तुतारीवाल्याने कार्यक्रमात पहिला मोठा श्वास घेतला आणि त्याची दोन बटणे पहिल्या रांगेत जाऊन पडली. मास्तरांनी नवी टेप खोटी ठरवून केराच्या बादलीत टाकली, आणि मुलाला आठ दिवस सर्वांदेखत बोल लावले. मग दहा वर्षांच्या पणबाईने शाळेची लाकडी पट्टी आणली, बादलीतली टेप काढून तिच्यावर ठेवली, मग आजोबांच्या गळ्यातली मागून घेऊन तीही ठेवली. नवी बरोबर होती. जुनी वर्षानुवर्षे ओढून ओढून बोटभर ताणली होती. "पण आजोबा," ती म्हणाली होती, "मग आजवरची सगळी मापं खोटी?" मास्तर म्हणाले होते, "कपडे बसले ना? मग माप खरं." आणि जेवायला उठून गेले होते. त्या रात्री आपला नवरा पोरीच्या उशाशी कितीतरी वेळ बसला होता, हे थोरलीने पाहिले होते.

"पहिल्याच महिन्यात आमच्या बाईंनी वर्गात विचारलं," पोर सांगत होती, "एखादी गोष्ट खरी आहे म्हणजे नेमकं काय? बाहेरच्या कशाशी तरी ती जुळते म्हणून खरी, की आपलं सगळं एकमेकांत नीट बसतं म्हणून खरी? कुणीच बोलेना. मग मी तुमच्या टेपची गोष्ट सांगितली. एकाच टेपने मापलं, त्याच टेपने कापलं, कपडा बसला. पट्टी म्हणते टेप खोटी. मग माप खरं की खोटं? बाई पुस्तक मिटून टेबलावर बसल्या. त्या दिवशीचा धडा झालाच नाही. चाळीस मुलं तासभर तुमच्या टेपवर भांडली, आजोबा. घंटा झाली तरी कुणी उठेना."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "माझ्या टेपवर?"

"तुमच्या टेपवर."

"किती जण माझ्या बाजूने?"

"एकवीस."

"आणि बाकीचे?"

"बाबांच्या."

म्हाताऱ्याने हनुवटी खाजवली. एकवीस म्हणजे निसटता विजय, हे त्यांना कळत होते. "आणि तू कुणाच्या?"

"तेच तर ठरत नाहीये. म्हणून तर वर्षं लागणार."

धाकटा दीर आता उघड हसला. ताईंनाही हसू येत होते, पण त्यांनी ते येऊ दिले नाही. तेवढ्यात थोरलीचा नवरा कोपरा सोडून टेबलाला वळसा घालून आला आणि लेकीपुढे हात केला.

"विषयाचा फॉर्म असेल ना? आणलायस?"

पोरीने पिशवीतून कागद काढला. त्याने तो काळ्या कापडावरच ठेवला, मापवहीच्या शेजारचे पेन घेतले आणि सही केली. काजाच्या टाक्यांसारखी बारीक, सारखी सही. 

"अरे, निदान मास्तरांना विचार तरी," ताई म्हणाल्या.

"माझ्या बाजूने एकोणीस जण होते," तो म्हणाला. नऊ वर्षांत या विषयावरचे त्याचे हे पहिले वाक्य. त्याने पेन जागच्या जागी ठेवले.

मास्तर मुलाकडे वळले. मग ते म्हणाले, "टेप माझीच ताणली होती. पट्टी लावली त्याच दिवशी कळलं होतं मला. तुझा कापायचा हात बरोबर होता."

"असू दे, मास्तर."

"असू दे कसं? अकरा कोटांचं पाप तुझ्या माथी मारून मी जेवायला बसलो. चव नव्हती त्या जेवणाला." त्यांनी गळ्यातल्या टेपचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले. मुलगा वडिलांच्या बाहीवरचा खडू झटकत राहिला, आणि सगळा खडू गेल्यावरही झटकत राहिला. थोरलीने डोळे पुसले. आपण खोटे बोललो नसतो तर हे झाले असते का, असा एक आगाऊ विचार तिच्या मनात आला आणि तिने तो झटकून टाकला. खोटे ते खोटेच.

"ते झालं," मास्तर घसा खाकरून म्हणाले. "पण कापड तयार आहे, माणसं जमली आहेत. पहिली कात्री रिकामी जाता कामा नये. पोरी, काम सांग, तसा बेततो. ड्रायव्हरला खांद्याला मोकळीक लागते, नर्सला वाकायचं असतं म्हणून पाठ लांब. तत्त्वज्ञानवाल्याचं अंग कुठे हलतं?"

"जीभ," धाकटा दीर म्हणाला. "गळा सैल ठेवा, मास्तर. आणि खिसे शिवूच नका, ठेवायला काही नसणार."

"उलट खिसे जास्त लागतील," ताई म्हणाल्या. "चुकीच्या स्टॉपवर उतरल्यावर डबा तरी हवा जवळ." म्हणजे ताईही विरघळल्या होत्या. त्या अशाच, आधी सुई टोचायच्या आणि मग तिथेच चोळत बसायच्या.

पोर हसली. मग तिने कापडाकडे बघितले, आणि तिच्या कपाळावर ती आठी पडली जी थोरली पाळण्यापासून ओळखत होती.

"पण आजोबा," ती म्हणाली.

सगळ्यांना बरे वाटले. सकाळपासून या शब्दाचीच वाट बघत असल्यासारखे धाकट्या दिराने टेबलावर थाप मारली. "आलं! बोला पणबाई."

"पण आईची पहिली कात्री कधी झाली?"

तिने ते खोचून विचारले नव्हते. तिला खरोखरच माहीत नव्हते, आणि आजवर आपल्याला हा प्रश्न का पडला नाही याचेच तिला नवल वाटत होते.

"सुनांची होत नाही," ताई म्हणाल्या.

"का?"

"तशी रीत आहे."

"ते कळलं. पण का?"

ताईंनी तोंड उघडले. या घरातल्या प्रत्येक रीतीचे कारण त्यांना पाठ होते. सुई रात्री उघडी का ठेवायची नाही, गिऱ्हाइकासमोर माप मोठ्याने का म्हणायचे नाही, सगळे त्या सांगू शकत. त्यांनी तोंड मिटले. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "आईचीही नव्हती झाली."

मास्तरांनी वर पाहिले.

"आमची आई, मास्तर. चाळीस वर्षं या टेबलावर इस्त्री केली तिने. शेवटी शेवटी गळ्यात एप्रन घालायची ना निळा, तो मी आणला होता. तयार. बाजारातून." ताईंनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. "या दुकानात बसून तिने बाजारातला तयार एप्रन घातला आणि आपल्याला कुणालाच काही वाटलं नाही. मलासुद्धा नाही."

मास्तरांनी मापवही ओढून घेतली. जाडजूड वही, कोपरे गोल झालेले. घरातल्या माणसांची पाने पहिली होती. प्रत्येक पानावर वर नाव, नावाखाली काम, मग मापे. त्यांनी बोटाला थुंकी लावून एक एक पान उलटले. वडिलांचे पान. स्वतःचे. मोठ्या मुलाचे, ताईंचे, धाकट्याचे, नातीचे. शेवटी गिऱ्हाइकांची पाने लागली. ते परत पहिल्या पानावर आले आणि पुन्हा सगळी पाने उलटली, जरा सावकाश, दोन पाने चिकटली असतील तर म्हणून बोटाने चाचपत.

"दोघींचंही पान नाही," ते म्हणाले.

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. खोटे आपण बोललो, आणि वहीत पान हा बिचारा म्हातारा शोधतोय. "मास्तर, राहू द्या ना. मला काय करायचाय? मी तर घरातच असते."

"तू माझ्या दुकानात बावीस वर्षं आहेस," मास्तर म्हणाले. "या गावात माझ्या कोटाला लोक काजावरून ओळखतात, शिवणीवरून नाही. आणि तुझा खांदा किती, ते मला ठाऊक नाही." त्यांनी एक कोरे पान काढले, वहीची घडी तळहाताने दाबून बसवली. मग गळ्यातली टेप काढून नातीकडे दिली. "तू माप घे. मी कापणार, म्हणजे मला मापता येणार नाही."

"जुनीच घेऊ? की बाबांची नवी?"

मास्तर विचारात पडले. मग मुलाकडे बघून म्हणाले, "जुनी घे. कापीन याच टेपने. पण पानावर वर लिहितो, जुन्या टेपने घेतलेलं माप. म्हणजे पुढे कुणाचे अकरा कोट फुकट जायला नकोत." आणि त्यांनी तसे लिहिले. त्याखाली सुनेचे नाव लिहिले. हे नाव या वहीत पहिल्यांदाच येत होते, त्यामुळे ते लिहिताना त्यांनी एकदा मान वर करून विचारले, "शेवटचं अक्षर दीर्घच ना?" आणि ती मानेनेच हो म्हणाली.

"काम काय लिहू?"

"काजं लिहा, मास्तर."

"काजं करतेस ते मला माहीत आहे. तुला कसला कपडा हवाय, काय करायला हवाय, ते विचारतोय."

थोरलीने सवयीने नवऱ्याकडे पाहिले, मग ताईंकडे, मग लेकीकडे. कुणीही उत्तर द्यायला पुढे आले नाही. सगळे नुसते वाट बघत होते. बावीस वर्षांत तिला भाजी कुठली हे विचारले होते, दोरा संपला का विचारले होते, पोरगी कुठे गेली विचारले होते. हा प्रश्न तिच्या ओळखीचा नव्हता. तो तिने मनात दोनदा फिरवून पाहिला, आणि आत कुठेतरी काहीतरी हलले, पण त्याला नाव देता येईना.

"मला विचार करावा लागेल," ती म्हणाली.

"कर की. घाई कुठे आहे? जागा सोडतो." मास्तरांनी कामाची ओळ कोरी ठेवली. मग मागे जाऊन नातीच्या पानावर, जिथे त्यांनी आधीच हौसेने 'वकील' लिहून ठेवले होते, तिथे एक रेघ मारली आणि तिथेही जागा सोडली. "तुझा कोट पदवी झाल्यावर. तोवर तू कच्च्या टाक्यांवर."

"म्हणजे घरात आता दोघी झाल्या विचार करणाऱ्या," धाकटा दीर म्हणाला. "जेवायचं काय आज आपलं? आणि मास्तर, तुम्ही तर कात्री ठेवणार होतात. मग पणबाईचा कोट बेतणार कोण?"

"मीच. हात थरथरला तर थरथरला. रेघ बाहेर गेली तर जाऊ दे, शिवणीत आत दुमडायची माया जास्त सोडीन. आता बडबड पुरे. धरा कापड. थोरलीची आज नुसती पाठ बेततो, ती कुठल्याही कपड्याला लागते. थोरले, अशी इकडे ये, उजेडात. पोरी, खांद्यापासून घे."

थोरली काळ्या कापडाशेजारी, खिडकीच्या उजेडात जाऊन उभी राहिली. हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना. आजवर अशा उभ्या राहिलेल्या शेकडो माणसांना तिने कोपऱ्यातून पाहिले होते. लेकीने मागून टेप लावली.

"खांदा साडेचौदा."

"पुन्हा."

"साडेचौदा, आजोबा."

मास्तरांनी लिहिले. लेक समोर आली, खाली वाकली, आणि तिने दोन्ही हात आईच्या कमरेभोवतून नेऊन टेपचे टोक पुढे आणले. तिचे डोके आईच्या छातीशी आले होते. केसांना वसतिगृहातल्या कसल्यातरी परक्या साबणाचा वास येत होता. थोरली ताठ उभी होती.

"आई," लेक अगदी तिच्यापुरते म्हणाली, "श्वास सोड ना. धरून ठेवलास की माप खोटं येतं."

हे थोरलीला माहीत होते. प्रत्येक गिऱ्हाईक तेच करते आणि प्रत्येकाला तेच सांगावे लागते. तिने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि श्वास सोडला.

"बोल," मास्तर पेन टेकवून म्हणाले. "आता खरं येईल."